अणुवीज केंद्रातील आणीबाणी आणि सामान्य माणसाची सुरक्षितता

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकुनी करतो आणि आमची पदवी कला शाखेची. असा माणूस किरणोत्सर्गावर बोलायला उभा राहतो, याचे आपल्याला नवल वाटेल. पण एका प्रश्नाने आम्हाला इथे उभे केले आहे. ११ मार्च २०१६ रोजी गुजरातमधील काकरापार अणुवीज केंद्राच्या पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची गळती झाली आणि केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. पुढच्या आठवड्यात धुळ्याला मुलीकडे आलेले नवापूरकडचे एक म्हातारे गृहस्थ आमच्या काउंटरवर आले. स्लिप भरून घेता घेता म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही पेपर वाचता. आमच्या म्हशींचं दूध नातवंडांना द्यावं का नाही?" आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

काकरापार आपल्याला परके नाही. भुसावळ, प्रकाशा करीत आपली तापी उकाईला जाते आणि तिथून पुढे काकरापारला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होते आणि नवापूरपासून हे केंद्र सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत आहे. नदीचे पाणी इकडून तिकडे जाते हे खरे, पण वारा तिकडून इकडे येऊ शकतो. तिथे पूर्वी २२० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या होत्या, आता ७०० मेगावॅटच्या आणखी दोन सुरू झाल्या आहेत.

२०१६ च्या घटनेत अणुभट्टी आपोआप बंद पडली, इंधन थंड ठेवणारी संकटकालीन यंत्रणा चालली, बाहेरचा किरणोत्सर्ग मर्यादेतच राहिला आणि सुमारे दहा दिवसांनी आणीबाणी उठली. हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण भीती पसरवणे हा आमचा हेतू नाही. पण मर्यादा म्हणजे काय, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

किरणोत्सर्गाचा शरीरावरचा परिणाम मिलिसिव्हर्ट या मापाने मोजतात. माती, आकाश, अन्न, हवा यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट निसर्गतःच मिळतात. त्याशिवाय अणुकेंद्रासारख्या कामांमुळे सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, असा नियम आहे. केंद्रातील कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० धरतात. बँकेतल्या माणसाला हे लवकर समजते. ओव्हरड्राफ्टची मर्यादा मंजूर झाली म्हणून कोणी ती शेवटच्या पैशापर्यंत उचलावी असे नसते. तसेच इथेही १ ही संख्या वापरून टाकण्याची मुभा नाही, शक्य तेवढे तिच्या खाली राहायचे असते.

मात्र हा नियम नेहमीच्या दिवसांचा. मोठा अपघात झाला की हिशोब बदलतो. आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे आणीबाणीत २० ते १०० मिलिसिव्हर्टच्या दरम्यान संदर्भ पातळी ठरवतात आणि नंतर ती १ कडे उतरवत नेतात. आपण विचाराल, एकाचे एकदम वीस कसे झाले? माणसाचे शरीर तर तेच आहे! याचे उत्तर असे की गाव उठवण्यातही जीव जातात. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर स्थलांतराची धावपळ, तुटलेले औषधपाणी आणि परक्या जागेचा ताण यांमुळे त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याची नोंद झाली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. म्हणजे दोन्ही पारड्यांत माणसेच असतात.

परंतु तराजू कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न आहे. फुकुशिमात एप्रिल २०११ मध्ये शाळांच्या मैदानांसाठीही वर्षाला २० ची पातळी धरली गेली. सरकारच्याच एका तज्ज्ञ सल्लागाराने राजीनामा दिला, आईवडील राजधानीत जाऊन भांडले आणि मे महिन्यात शाळांसाठी १ चे उद्दिष्ट मान्य झाले. माहीत असलेले पालकच असे भांडू शकतात.

आता दुधाकडे येऊ. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत गेले. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे काही आठवडे ते दूध टाळले असते तर पुष्कळ लेकरे वाचली असती. तसे वेळेवर सांगितले गेले नाही. २००५ पर्यंत त्या वयोगटात थायरॉईड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रोगी आढळले आणि त्यांतील मोठा वाटा या दुधाचा मानला जातो. शेजारच्या पोलंडने मात्र एक कोटीहून अधिक मुलांना आयोडीनचे औषध पाजले.

त्याच चेर्नोबिलची सावली मुंबईपर्यंत आली होती. दूध महापूर योजनेसाठी युरोपातून मदत म्हणून आलेल्या २०० मेट्रिक टन आयरिश लोण्यावर मुंबईतील नागरिक न्यायालयात गेले. अखेर सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खाण्यास योग्य ठरवले आणि १९८८ मध्ये प्रकरण निकाली निघाले. नागरिक हरले, असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी विचारले म्हणून मोजमाप झाले आणि उत्तर मिळाले.

शेवटी अंतराची गोष्ट. आपल्याकडे आणीबाणीचे नियोजन साधारण १६ किलोमीटरच्या परिघात करतात. नवापूर त्याबाहेर आहे. जपानमधील इताते हे गावही फुकुशिमापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास, नियोजनाच्या बाहेर होते. वारा तिकडे वळला, पाऊस-बर्फ पडले आणि महिनाभराने ते गाव रिकामे करावे लागले. तोवर लोक तिथेच राहत होते.

आणखी एक. आणीबाणीत पहिला आदेश असतो, "घरात थांबा, दारेखिडक्या बंद करा." पक्क्या भिंतींच्या घरात याने चांगले संरक्षण मिळते. कुडाच्या किंवा पत्र्याच्या घरात किती मिळणार? आणि जो रोज मजुरीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, त्याने किती दिवस थांबायचे? नियम करताना हा माणूस आधी डोळ्यांसमोर असला पाहिजे. ही मागणी आपण नाही करायची तर कोणी करायची?

विद्यार्थी मित्रांनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. सूचना येताच घरात जा. विहीर आणि पाण्याची भांडी झाका. गुरे छपराखाली बांधून साठवलेला चारा घाला. आयोडीनची गोळी सांगितल्याशिवाय घेऊ नका. जखमेचे आयोडीन तर कधीच पिऊ नका. आणि ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, मोजलेला आकडा मागा.

त्या म्हाताऱ्या बाबांना आज आम्ही सांगू शकतो: बाबा, तेव्हा दूध द्यायला काही हरकत नव्हती. पण हे उत्तर त्यांना त्याच दिवशी, अहिराणीत किंवा गावितांच्या बोलीत, त्यांच्या गावात मिळायला हवे होते. नातवंडांना दूध द्यावे की नाही, हे विचारायला कोणा आजोबाला धुळ्यातल्या बँकेच्या कारकुनाकडे यावे लागू नये, एवढेच आमचे मागणे आहे.