मुठीचा न्याय आणि पालातला पहिलवान



आमच्या सुलतानपूरहून लोणारचा रस्ता फुटतो. सुगी आटोपली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पालं पडायची. सकाळी ढोल घुमला की आम्हा पोरांना कळायचं, कसरती करणारे भटके गोपाळ आले. चौकात त्यांचा पहिलवान आधी मातीला हात लावून तो कपाळाला न्यायचा. मग भलाथोरला दगड दोरीनं आवळायचा आणि दोरीचं टोक दातांत धरायचा. मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. दगड वीतभर वर यायचा. त्याची घरधनीण पाठीशी तान्हं बांधून, पदर पसरून ज्वारी मागत फिरायची. खेळ बघायला अख्खं गाव जमायचं. रात्री कुणाची कोंबडी हरवली, तर पहिला संशय मात्र त्याच पालावर.

हा संशय कागदावरही उतरलेला आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ 1916 साली निघाला. वऱ्हाडातल्या गोपाळांची नोंद त्यात आहे. पहिलवान गोपाळ तंबूत राहतात, म्हशींवर बिऱ्हाड लादून फिरतात, कुस्ती आणि कसरत करतात, असं त्यात लिहिलंय. आणि त्याच नोंदीत अख्ख्या जातीला गुन्हेगार म्हटलंय! 1871 च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. लिहिणाऱ्यांचे डोळे त्याच काळाचे. तो कायदा स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. लोकांच्या मनातून तो जायला अजून वेळ लागतोय.

भटके आपसातली भांडणं कशी मिटवतात हे बघायला आता थोडं दूर, आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये चला. तिथल्या जिप्सी आणि ट्रॅव्हलर या भटक्या समाजांत भाऊबंदकीची भांडणं उघड्या मुठींनी मिटवण्याची रीत आहे. हातमोजे नाहीत, रिंगण नाही. आडवळणाची गल्ली किंवा रान गाठायचं, आणि दोन्ही घराण्यांशी संबंध नसलेला माणूस पंच म्हणून उभा करायचा. चावायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही. एकानं हार कबूल केली की लढत संपली. माहितीपटकार इयान पामर यांनी सुमारे बारा वर्षं अशा लढतींचं चित्रीकरण केलं. तो माहितीपट 2011 साली आला. त्यात एक गोष्ट मनाला लागते. लढतीनं भांडण मिटतच नाही. हरलेल्या घरातला दुसरा जवान पुढच्या लढतीला उभा राहतो, आणि वैर बापाकडून मुलाकडे जातं.

आपल्याकडच्या भटक्यांनी निवाड्यासाठी मूठ वापरली नाही, जातपंचायत बसवली. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गोपाळांना होळी पेटवण्याचा मान आहे. त्याच यात्रेत अनेक भटक्या जमातींच्या पंचायती भरत आल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या माणसांना ती पायरी आपली कधी वाटलीच नाही. ठाण्यात फिर्याद द्यायला जावं, तर संशयित म्हणून तिथेच बसवून ठेवतील ही धास्ती. तिकडची मूठ काय, इकडची पंचायत काय, दोन्ही या एकाच धास्तीतून आल्या असाव्यात.

म्हणून पंचायतीचं सारंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. वाळीत टाकणं, जबर दंड, बाईच्या चारित्र्याची उघड्यावर चिरफाड, हा अन्यायच. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै 2017 मध्ये लागू झाला, ते फार चांगलं झालं. पण पंचायतीचं दार बंद करताना ठाण्याचं आणि कचेरीचं दार उघडायला हवं. ते अजून पुरतं उघडलेलं नाही.

उदाहरण देतो. गोपाळ आज भटक्या जमाती ‘ब’ प्रवर्गात येतात. या प्रवर्गाला अडीच टक्के आरक्षण आहे. ते मिळवायला जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याचं घर म्हशीच्या पाठीवर होतं, त्यानं तो कुठून आणायचा?

श्रोतेहो, तुमच्या गावच्या शिवारात दरसाल कुणाची पालं पडत होती, हे तुमच्या घरच्या जाणत्यांना ठाऊक आहे. दाखल्याच्या चौकशीला अधिकारी आले, तर त्या जाणत्यांनी पुढे होऊन जबाब द्यावा, एवढी माझी विनंती आहे.