नोटीस आणि दहा अपवाद
(मंडळाच्या सभेतील भाषण)



नाल्याच्या कामाबद्दल आपण वार्तापत्रात छापले आणि नगरसेवकांच्या वकिलाची नोटीस आली. काही ज्येष्ठ म्हणतात, यापुढे फक्त हळदीकुंकवाच्या बातम्या छापा. आम्हांला हे पटत नाही. चार पिढ्या आपण या शहरात कर भरतो.

बदनामीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. कैद दोन वर्षांपर्यंत. अब्रू हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जुने कलम ४९९ वैध ठरवले होते. पण कलमात दहा अपवादही आहेत, ते नोटिशीत कोण लिहितो! दिवाणी दाव्यात सत्य पुरते. फौजदारीत ते लोकहिताचेही असावे लागते. लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेने मत देता येते. सद्भावना म्हणजे नुसते मन साफ नव्हे, योग्य ती काळजी घेणे.

आम्ही बँकेतली माणसे, व्हाउचरशिवाय नोंद करत नाही. माहिती अधिकारात मिळालेली बिले आपल्याकडे आहेत. ‘कामापेक्षा जास्त बिल निघाले’ एवढेच आपण छापले. ‘पैसे खाल्ले’ म्हणायला कागद नाही. त्यांच्या घरच्या लग्नाच्या खर्चावर आलेली पत्रे छापली नाहीत, हे बरेच झाले.

तेव्हा मजकूर कायम ठेवावा, नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्यावे आणि त्यांचा खुलासा आल्यास तो पहिल्या पानावर छापावा, असा ठराव आम्ही मांडतो.