बाजाराला नवे रूप देताना
(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



पोळा झाला, गोटमारही झाली आणि गणपती बसले. आता दिवाळीपर्यंत आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या बाजाराचे दिवस. अशा वेळी मंडळाने आम्हाला बाजाराच्या नूतनीकरणावर बोलायला सांगितले. आम्ही काही वास्तुविशारद नाही. तीन पिढ्या कापड मोजत आलो, त्या अनुभवावरच बोलणार आहोत.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्हाला वाटले, दुकान नागपूरच्या मॉलसारखे करावे. ओटा तोडला, समोर काच लावली, गादी काढून काउंटर मांडला, गुळगुळीत पांढरी फरशी घातली. उद्घाटनाला सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केले. पुढे पावसाळ्यात, बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी काचेबाहेर थांबली. आजोबांच्या काळापासूनचे आमचे गिऱ्हाईक. आत बोलावले, तर म्हणाली, "पायाले चिखल हाये बापू, तुमची फरशी खराब होईन." आणि शेजारच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली. तिच्यासारखी किती माणसे परत गेली, हे वहीत लिहिलेले नसते. पण दिवाळीच्या हिशेबात ते दिसले. पुढल्या वर्षी आम्ही काच मागे घेतली आणि ओटा पुन्हा बांधला.

आपल्यासाठी शहर म्हणजे नागपूर. तिथे जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. आसपासच्या कापसावर ती उभी राहिली आणि हजारो घरांच्या चुली तिने पेटत्या ठेवल्या. २००२ मध्ये ती बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे, नावही एम्प्रेसच आहे. नवे बांधताना नाव राखणे सोपे असते. त्या जागेवर पोट भरणारी माणसे राखणे अवघड.

पुण्याची मंडई या बाबतीत पाहण्यासारखी आहे. १८८६ मध्ये ती लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले! कोणत्याही नूतनीकरणाला त्यांचा तो प्रश्न आधी विचारावा : पैसा कोणाचा आणि सोय कोणाची? इमारतीपुरते बोलायचे तर मंडई उत्तम आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यापासून चहूकडे गेलेले पंख, उंच छप्पर, आणि गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या माल दिसावा असे उंच गाळे. मुंबईचे १८६९ चे क्रॉफर्ड मार्केटही पाडून तिथे मोठी इमारत उभारण्याची योजना निघाली होती. लोकांनी विरोध केला आणि शेवटी जुनी वास्तू राखून दुरुस्ती झाली.

आता मॉलचे ऐका. १९५६ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसजवळ साउथडेल नावाचा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा रचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. तिथल्यासारखे लोकांनी एकत्र यावे, बसावे, बोलावे, ही त्याची कल्पना. पण लोक बसण्यापेक्षा खरेदीच जास्त करू लागले, भोवती मोटारी उभ्या करायची मैदाने झाली, आणि उतारवयात त्याने स्वतःच या मॉलांशी नाते तोडले. आज तिकडे कितीतरी जुने मॉल उघडे करतात, दुकानांची तोंडे रस्त्याकडे वळवतात. म्हणजे ते ओट्याकडे परत चालले आहेत आणि आपण काचेकडे निघालो आहोत.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला की इमारती येतात, आणि आज ना उद्या बाजारालाही हात लागणार. तेव्हा आपण काय मागायचे, ते आताच ठरवून ठेवू. दुकानांपुढे सलग पडवी असावी. मे महिन्यातल्या उन्हात आणि श्रावणातल्या झडीत तीच कामी येते. फरशी खडबडीत दगडाची आणि नालीकडे उतार असलेली असावी. छप्पर उंच, वरून उजेड आणि गरम हवा बाहेर जायला झरोके. पायऱ्यांच्या बाजूला उतरण, प्यायला पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह. पाट्यांवर हिंदीबरोबर मराठीही असावी. आपल्या बाजारात भाव अजून मराठीतच होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : कुदळ पडण्याआधी बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाची यादी व्हावी. आम्हा दुकानदारांकडे कागद आहेत. संत्र्याची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडे, चाकूला धार लावणाऱ्याकडे काय आहे? रोजची जागा, एवढेच. काम टप्प्याटप्प्याने व्हावे आणि त्यांची जागा त्यांना परत मिळावी. ती यादी करायला मंडळाने पुढाकार घ्यावा, ही आमची विनंती. आमच्या घरातली दोन मुले उद्यापासून या कामाला देतो.

या मांडवाकडेच पाहा. तीन बाजूंनी मोकळा, बसायला सतरंजी, आणि चिखलाच्या पायाने आलेला माणूसही दाराशी अडत नाही. बाजार एवढाच मोकळा राहावा, इतकेच आमचे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!