गिअर पडतो कसा



पत्रिकेवर माझ्या विषयापुढे 'जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअर' असं छापलंय. ते वाचून काही जण आले असतील आणि काही जण त्यामुळेच आले नसतील. जालन्यात सळई आणि बियाणं यांवर रात्रभर बोलणारी माणसं मिळतात; स्पोर्ट्स कार किती जणांच्या दारात आहे, हे मी विचारत नाही. पण बदनापूर, अंबड, भोकरदनकडच्या एखाद्या शेडमध्ये जुनी जीप अजून निघते. त्या जीपचा गिअर ज्याला आवाज न करता टाकता येतो, त्याला लंडनच्या रस्त्यावरची एमजी नाहीतर ट्रायम्फही चालवता येईल. आत चालणारं गणित एकच आहे.

शौकीन मंडळी या कसबाबद्दल फार हळवं बोलतात. मला त्यांचं थोडं हसू येतं. १९३२ साली निजामाच्या रेल्वेने हैदराबाद राज्यात २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या त्यात होत्या. जालना तेव्हा त्याच राज्यात. मराठवाड्यातली ही सेवा पुढे १९६१ साली महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात मिळाली. त्या काळच्या बसच्या गिअरबॉक्समध्ये वेग आपोआप जुळवणारी कुठलीही सोय नसे. म्हणजे शौकीन माणूस रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर जे करून दाखवतो, ते त्या ड्रायव्हरने गाडीभर माणसं, टपावर सामान आणि समोर बैलगाडी असताना दिवसभर केलं. त्याला कुणी कलावंत म्हटलं नाही, पगार तेवढा दिला.

आता गिअरबॉक्सच्या आत पाहू. इंजिनाकडून येणारा एक शाफ्ट, चाकांकडे जाणारा दुसरा, आणि दोघांना जोडणारा लेशाफ्ट. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण लेशाफ्ट लगेच थांबत नाही; आपल्या नादात फिरत राहतो. चाकांकडचा शाफ्ट गाडीच्या वेगाला बांधलेला. या दोन फिरत्या भागांचे दात एकमेकांत बसवायचे, यालाच आपण गिअर टाकणं म्हणतो. पळत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं तिच्याबरोबर धावतो आणि मगच दांडा धरतो, तसंच हे आहे. वेग जुळले की दांडी दोन बोटांनी आत जाते. जुळले नाहीत तर खर्रर्र! मग आपण जोर लावतो. जोराने वेग जुळत नाहीत, दात झिजतात.

आकडे घेऊ. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. पुढे आलेल्या सीजे-३बी जीपमध्ये टी-९० नावाचा तीन गिअरांचा बॉक्स होता. तिसऱ्यात इंजिनाकडचा आणि चाकांकडचा शाफ्ट बरोबरीने फिरतात. दुसऱ्यात इंजिन साधारण दीडपट फिरतं, पहिल्यात जवळजवळ पावणेतीनपट. दुसऱ्या-तिसऱ्याला वेग जुळवणारी सिंक्रो रिंग आहे, पहिल्याला नाही. समजा, चढावर जीप दुसऱ्या गिअरमध्ये दमली आणि इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर आलं. गाडी चालत असतानाच पहिला टाकायचा, तर त्याच वेगाला इंजिन साडेएकवीसशेच्या आसपास फिरायला हवं. हा जवळजवळ साडेनऊशे फेऱ्यांचा फरक कुणीतरी भरून काढायचा. तो ड्रायव्हरने भरायचा, आणि त्यासाठीच डबल क्लच.

पाय काय करतो ते सावकाश सांगतो. क्लच दाबला, दांडी न्यूट्रलला आणली. आता क्लच सोडला. नवशिके इथेच अडखळतात: गिअर टाकायचाय तर क्लच सोडायचा कशाला? क्लच सोडल्याशिवाय इंजिन लेशाफ्टला फिरवणार कसं? न्यूट्रलमध्ये क्लच वर असताना एक्सलेटरला छोटी रेस द्यायची. इंजिन वर गेलं की त्याच्याबरोबर लेशाफ्टही वर जातो. लगेच पुन्हा क्लच दाबून दांडी पुढच्या खाचेत न्यायची आणि क्लच सोडायचा. सरावलेल्या माणसाचं हे सगळं एका दमात होतं, बघणाऱ्याला पाय दोनदा हललेला कळतही नाही. रेस कमी पडली तर दात कुरकुरतात, जास्त झाली तरी कुरकुरतात. फक्त दोन्ही आवाज वेगळे. ते वेगळे ऐकू यायला लागले की निम्मं शिक्षण झालं. म्हणून शिकताना गाडीत गाणी नकोत, आणि शेजारी सल्ला देणारा तर नकोच.

वरचा गिअर टाकताना उलटं. तिथे लेशाफ्ट मंद व्हायला हवा, म्हणजे रेस द्यायची नाही, थांबायचं. किती? ते तेलावर आहे. सकाळी गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, ते लेशाफ्टला लवकर आवरतं. गिअर पटकन टाकावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ च्या वर गेला, गाडी दोन तास चालली, की तेच तेल पातळ होतं आणि थांबणं लांबतं. सकाळी जमलेला गिअर दुपारी खरखरला तर हात बिघडला असं समजू नका.

उभ्या गाडीत पहिला टाकतानाही खरखर होते, आणि लोक हमखास गिअरबॉक्सला शिव्या देतात. क्लच दाबल्यावर लेशाफ्ट थांबायला क्षणभर लागतो. तेवढं थांबा. नाहीतर एक जुनी युक्ती आहे: दांडी आधी दुसऱ्याला टेकवा. दुसऱ्याची सिंक्रो रिंग लेशाफ्टला थांबवते. मग पहिला मुकाट्याने पडतो. रिव्हर्सलाही हेच चालतं. तरीही खरखर राहिली, तर क्लच पूर्ण सुटत नाही असं समजा. प्लेट थोडीशी जरी चिकटून राहिली तरी जगातला कुठलाही ड्रायव्हर तो गिअर गुळगुळीत टाकू शकणार नाही. आधी क्लच ॲडजस्ट करा, मग स्वतःला दोष द्या.

ही सिंक्रोची सोय आली कधी? १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत. पण पहिल्या गिअरला ती द्यायला कारखानदारांनी फार वर्षं हात आखडता घेतला. पहिला काय, उभ्या गाडीतच टाकतात, असा हिशेब. दुसऱ्या महायुद्धानंतरची एमजी टीसी घ्या, पहिल्याला सिंक्रो नाही. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर घ्या, तिलाही नाही. ती मिळायला १९७० उजाडलं. ही स्पिटफायर ट्रायम्फ हेरल्डच्या सांगाड्यावर बेतलेली, आणि हेरल्ड म्हणजे आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून बनणारी स्टँडर्ड हेरल्ड. एखाद्या डॉक्टरांची किंवा वकिलांची हेरल्ड ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी एका नावाजलेल्या स्पोर्ट्स कारची बहीण पाहिली आहे. त्याहून जुन्या काही गाड्यांत एक्सलेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असे. तिथे गिअरचं नंतर बघू, आधी पाय आवरा.

तेलाबद्दल दोन शब्द बोलतो, कारण नुकसान इथेच जास्त होतं. दुकानदार 'नव्वद नंबर' म्हणून डबा पुढे करतो. त्यावर जीएल-४ आहे की जीएल-५, ते वाचा. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधक-स्फुरदाची रसायनं जास्त असतात आणि काही तेलांत ती सिंक्रोच्या पितळी रिंगला खातात. शिवाय तेल इतकं निसरडं, की रिंगला पकडच मिळत नाही. महागाचं तेल घातलं आणि गिअर बिघडला, अशी तक्रार येते ती यातूनच. जुना बॉक्स काढून नवा पाच गिअरांचा बसवून देतो म्हणणारे मेकॅनिकही भेटतील. ऐकू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली खासगी वापराची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं मिळतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या जीपा आता त्या वयात आल्यात. मात्र ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची.

शेवटी घाटाचं. जालना पठारावर आहे, इथे गिअर चुकला तर फार तर शेजारचा हसतो. पण चाळीसगावकडे जाताना कन्नडचा औट्रम घाट लागतो. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे एसटीच्या ड्रायव्हरांचं म्हणणं तुम्ही ऐकलं असेल. त्याचं एक कारण असं. उतारावर न्यूट्रलला आलात आणि खालचा गिअर पहिल्या फटक्यात पडला नाही, तर प्रत्येक क्षणाला गाडी वेग घेते, म्हणजे जुळवायचा फरक वाढतच जातो. दुसरा प्रयत्न पहिल्यापेक्षा अवघड, तिसरा त्याहून. अशा वेळी दांडीशी झटापट नको. ब्रेक मारून गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, दांडी दुसऱ्याला टेकवून पहिला टाका आणि मगच खाली सोडा. त्याहून बरं म्हणजे माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवून घ्या.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. जीप घेऊन आलेल्यांनी मात्र तेलाच्या डब्यावर काय छापलंय ते आधी सांगा.