बाटलीतली गोगलगाय आणि आमची लोणच्याची बरणी

मी बचतगटाची सहयोगिनी बोलतेय. मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज कायद्यावर बोलायचंय. लगेच रेडिओ बंद करू नका! मी काही वकील नाही, साधी बी.ए. झालेली आहे. मला समजलं तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करते. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या एका गटाने लिंबाचं लोणचं विकलं. चाळीस बरण्या नेल्या, बावीस खपल्या. आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. बरणीच्या तळाशी झुरळ निघालं होतं आणि त्यांच्या मुलाला उलट्या होऊन सलाईन लावावं लागलं होतं. गटाची तातडीची बैठक बसली. आमच्या खजिनदार काकू हिशेबाला पक्क्या. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "या बाईला आपण विकलंच नाही. बरणी घेतली तिच्या नणंदेनं. पैसे नणंदेचे, पावती नणंदेची. हिचा आपला संबंध काय?" निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. मला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही ते सांगता येईना. निर्णय पुढच्या शनिवारवर ढकलला.

मधल्या बुधवारी विधी सेवा समितीचं शिबिर होतं. तिथल्या वकील ताईंना मी चहाच्या वेळी हे सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "तुमच्या काकू १८४२ सालच्या इंग्लंडमधल्या न्यायाधीशासारखं बोलतायत." मग त्यांनी गोष्ट सांगितली.

स्कॉटलंडमध्ये पेस्ली नावाचं गाव आहे. २६ ऑगस्ट १९२८ ला मे डोनोह्यू नावाची एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर तिथल्या कॅफेत गेली. मैत्रिणीनं तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. जिंजर बिअर म्हणजे आल्याचं सोडावॉटरसारखं पेय, दारू नव्हे. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर मैत्रिणीनं उरलेली ओतली, तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असं तिचं म्हणणं. तिचं पोट बिघडलं, उपचार घ्यावे लागले.

आता तिनं भांडायचं कुणाशी? पैसे दिले मैत्रिणीनं. बाटली सीलबंद, म्हणजे कॅफेवाल्याचा दोष नाही. आणि बाटली भरणारा स्टीव्हन्सन म्हणणार, माझा हिच्याशी व्यवहारच झाला नाही. थोडेफार अपवाद सोडले, तर तेव्हाचा कायदा त्याच्या बाजूचा होता. काहीच आठवड्यांपूर्वी तिच्याच वकिलानं अशाच बाटलीत उंदीर निघाल्याचा दावा लढवला होता आणि तो हरला होता. तरी त्यानं हिचा दावा लावला. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

प्रकरण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. खर्च झेपणार नाही म्हणून तिनं गरिबीचा दाखला जोडला. १९३२ साली निकाल लागला तो तीन विरुद्ध दोन असा. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी सांगितलं की आपल्या कामाचा परिणाम थेट ज्याच्यावर होणार हे आपल्याला आधीच दिसायला हवं, तो आपला शेजारी, आणि त्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घेणं आपल्यावर बंधनकारक. मग पावती कुणाच्याही नावची असो. विरोधातल्या न्यायाधीशांना भीती होती की एक दार उघडलं की दाव्यांना अंतच राहणार नाही. गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात सिद्ध झालंच नाही. पुढे तडजोड झाली.

याला म्हणतात कॉमन लॉ. संसदेनं कलमं लिहून केलेला नाही, तर निवाड्यांतून साठत गेलेला कायदा. आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही, कारण आपण गटात तेच करतो. हप्ता चुकला की दंड, हा आपला नियम. एकीच्या बाळंतपणात आपण दंड माफ केला आणि इतिवृत्तात लिहिलं. पुढच्या वर्षी दुसरी म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा अपघात झाला, मला का नाही?" मग आपण वाद घालतो. बाळंतपण आणि अपघात सारखे का? दोन्हींत बाई दवाखान्यात अडकली, म्हणून सारखे. तिसरी म्हणाली, "माझ्याकडे लग्न होतं." ते सारखं नाही, दंड भर! बघा, एका निर्णयातून नियम कसा वाढला आणि कुठे थांबला. कोर्टातही असंच चालतं. फरक एवढाच की वरच्या कोर्टाचा निवाडा खालच्या कोर्टांना पाळावाच लागतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४१ मध्ये हेच आहे, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक.

गोगलगायीचा नियम पुढे लोकरीच्या अंतर्वस्त्रांना लागू झाला. ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरच्या अंगावर त्यातल्या रसायनानं पुरळ उठलं होतं, १९३५ साली तो जिंकला. इंग्रजांबरोबर ही पद्धत आपल्याकडेही रुजली. आता आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल बनवणाऱ्याची जबाबदारी कलमांतच लिहिली आहे.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. असा कायदा पुढे सरकायला कुणीतरी कोर्टात जावं लागतं, आणि तोवर बाकीच्यांनी काय करायचं?

आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईंचं सांगते. लग्न १९९१ चं, वडील १९९९ मध्ये गेले. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. पण ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायला हवेत का, हे कलमात स्पष्ट नव्हतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हवेत. २०१७ मध्ये ताईंना कुणीतरी सांगितलं की तुम्हाला भावांइतका वाटा मिळायचा नाही, उगीच वाईटपणा कशाला घेता. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली. २०१८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात वडील आधीच वारले असूनही मुलींना वाटा मिळाला. दोन निकाल दोन दिशांना. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी स्पष्ट केलं की हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मोडायच्या नाहीत.

ताईंनी ही बातमी टीव्हीवर पाहिली. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे फिरत नाही. मला त्यांनी एवढंच विचारलं, "तीन वर्षं थांबले असते तर?" मी काय बोलणार? म्हणून भावांनी, चुलत्यांनी कागद पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नका. वकिलाला दाखवा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १५१०० नंबरवर फोन केला तरी चालतो.

आणि आमची बरणी? शनिवारी मी गोगलगायीची गोष्ट सांगितली. काकूंनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हणजे कोर्टात गेलो तर हरू?" मी म्हटलं, बहुतेक हो. पण त्याआधीच कोपऱ्यातली एक सून बोलली, "ते पोरगं माझं असतं तर?" दवाखान्याचं बिल गटानं दिलं, उरलेल्या अठरा बरण्या पुरून टाकल्या. त्या वर्षी लोणच्यात एक रुपया सुटला नाही. दोघी जणी चिडून गटातून गेल्या. एक परत आली, एक अजून आलेली नाही. आता बरण्या उकळून कडक उन्हात वाळवतो, आणि झाकण लावायच्या आधी काकू प्रत्येक बरणी स्वतः उजेडात धरून बघतात.