थंडीत पत्रा का गळतो?

(जव्हार-मोखाडा भागातील वसतिगृहांचे अधीक्षक आणि पाड्यांवर काम करणारे कार्यकर्ते यांच्या डिसेंबरमधील बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



छपरांच्या दुरुस्तीवर बोला, असा निरोप मला आला. दुरुस्ती म्हटले की आपल्याला पावसाळा आठवतो. या डोंगरात चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा त्याची धास्ती असणारच. पण आज मी थंडीतल्या गळतीबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे. या वर्षीच्या दुरुस्तीच्या यादीत मुलांच्या हॉलच्या पत्र्यावर डांबर मारणे आणि वरून प्लास्टिक अंथरणे, असे काम धरले आहे. ते करू नये असे मला वाटते. का, ते सांगतो.

तक्रार सगळ्यांची एकच आहे. दिवाळी उलटली की पहाटे मुलांच्या अंगावर टपटप थेंब पडतात. चादरी ओल्या, गाद्यांना कुबट वास, मुले खोकतात. बाहेर मात्र आकाश निरभ्र, पावसाचा पत्ता नाही. एका पाड्यावरच्या आजी मला म्हणाल्या, "भाऊ, पावसात नाय गळत पत्रा. थंडीचा गळतो. रातचा रडतो तो." आजींनी रोगाचे निदान बरोबर केले होते. जो पत्रा आषाढात गळत नाही, त्याला मार्गशीर्षात भोक कुठून पडणार? ते पाणी वरून येतच नाही. ते खोलीतले आहे.

लोखंडी पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचाही नसतो. थंडीत आकाश मोकळे असले की त्याची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. अंगणातल्या गवतावर दहिवर पडते ते असेच. पत्र्याला मात्र ते दोन्ही बाजूंनी येते. खोलीतली उबदार, दमट हवा वर जाते, गार पत्र्याला लागते आणि तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. वीस अंशांवरची ओलाव्याने भरलेली हवा दहा अंशांपर्यंत गार केली, तर तिच्यातले जवळजवळ निम्मे पाणी सुटते. ढगाळ रात्री पत्रा रडत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. ढगांमुळे उष्णता तेवढी निसटत नाही.

आता खोलीत एवढे पाणी येते कुठून? झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो. एका हॉलमध्ये चाळीस मुले झोपली, तर दहा लिटर झाले. म्हणजे रोज रात्री एक मोठी कळशी आपण हवेत ओततो. त्यात संध्याकाळी धुतलेले कपडे आतच दोरीवर. शेजारी स्वयंपाकघर असेल तर आणखी भर. एक किलो सुके लाकूड जळाले की सुमारे अर्धा किलो पाणी वाफ होऊन निघते. गॅस कोरडा असतो असा आपला समज आहे, पण १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून जळताना वीस लिटरांहून जास्त पाणी तयार होते. धुराडे किंवा वर झरोका नसेल तर हे सगळे छपराखालीच राहते.

आपल्या जुन्या घरांना हा त्रास नव्हता, याचा विचार करा. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत किंवा कौले. गवताचा थर जाड, त्यामुळे आतली बाजू तेवढी गार होतच नाही. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर निघून जायचा, त्याबरोबर वाफही जायची. शिवाय त्या धुराने वासे काळे होत आणि भुंगा लागत नसे. मी गवताच्या घराचे गोडवे गात नाही. दर दोन-तीन वर्षांनी शाकारायचे, आगीची भीती बाळगायची, हे ज्यांना करावे लागते त्यांना पत्रा हवासा वाटला तर नवल नाही. पण पत्रा आणताना घराचा श्वास बंद झाला, एवढे ध्यानात घ्या.

आणि आपण तो आणखी बंद केला. वळचणीखालची फट थंडी येते, साप येतो म्हणून कुठे सिमेंटने, कुठे गोणपाटाने बुजवली. अधीक्षकांची काळजी खोटी नाही. जव्हारची थंडी अंगाला झोंबते. पण वाफेला जायची तीच एक वाट होती.

आता डांबराकडे येतो. वरून पाणी येतच नसेल तर वरचा थर काय अडवणार? उलट नुकसान आहे. नवा चकचकीत जस्ताचा पत्रा रात्री उष्णता कमी सोडतो. त्यावर काळे डांबर फासले की तो जास्त सोडतो, म्हणजे जास्त गार होतो, म्हणजे जास्त रडतो. पैसे घालून आपण थेंब वाढवणार! खिळ्यापाशी खरेच भोक असेल तर तेवढेच बुजवा, वायसर बदला.

खात्री करायची असेल तर सोपी युक्ती आहे. पत्र्याची आतली बाजू हातभर जागी फडक्याने कोरडी करा, तिथे प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. पहाटे बघा. पाणी प्लास्टिकच्या खालच्या, खोलीकडच्या बाजूला असेल तर ते वाफेचे. प्लास्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये साचले असेल तर वरून गळते आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. वळचणीखाली चार बोटे सलग फट मोकळी करायची आणि तिला बारीक जाळी लावायची, म्हणजे साप-उंदीर येणार नाहीत. आढ्याची टोपी दोन इंच उचलून तिथेही जाळी. टोपी दोन्ही पाख्यांवर चांगली रुंद उतरलेली हवी, नाहीतर जुलैत वाऱ्याचा पाऊस आत येईल आणि तुम्ही मला शोधत याल. वारा मुलांच्या अंगावर येऊ नये म्हणून खालच्या खिडक्या रात्री लावा. वरची वाट मात्र बंद करायची नाही. कपडे बाहेर पडवीत वाळत घाला.

दुसरे काम तट्ट्यांचे. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधायच्या आणि खालून शेण-मातीचा हात द्यायचा. माती रात्री ओलावा पिते, दिवसा सोडते. एखादा थेंब पडलाच तर तट्टीवर पडतो. पत्रा आणि तट्टी यांच्यामधल्या पोकळीतून वारा खेळला पाहिजे, म्हणून कडा बुजवू नका. तट्ट्या विणणारे हात आपल्याच पाड्यांवर आहेत, मजुरीही गावातच राहील. देणगीदारांना ब्लँकेट वाटतानाचा फोटो आवडतो, तट्टीचा फोटो कोणी मागत नाही, हे मला माहीत आहे. पण ओल्या हॉलमध्ये नवे ब्लँकेट आठ दिवसांत ओले होते.

पाड्यांवर फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. पत्र्याच्या घरात कणगी कुठे ठेवली आहे ते बघा. भात साठवताना त्यात चौदा टक्क्यांहून जास्त ओलावा नसावा. महिनाभर वरून थेंब पडत राहिले तर वरचा थर बुरसतो, आणि बुरशीचा दाणा धुऊन खाण्यालायक होत नाही. नागली-वरईलाही तेच. कणगी भिंतीपासून सुटी, दगड-फळीवर उचललेली आणि वरून तट्टीने झाकलेली असावी. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आतला ओलावा आतच कोंडतो.

लाकडाकडेही लक्ष द्या. पत्रा जिथे रिपेवर टेकतो, तिथली ओल दिवसाही सुकत नाही. रिपेची वरची बाजू कुजते, पत्रा खालून गंजतो, आणि खालून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. मग जूनच्या पहिल्या वादळात तोच पत्रा उडतो आणि आपण वाऱ्याला दोष देतो. खिळा किंवा टोच्या रुतवून पाहा. लोण्यासारखा आत गेला तर ती रीप बदलायची.

स्लॅबच्या घरकुलांचे काम थोडे वेगळे आहे. पावसाळ्यात प्यालेले पाणी स्लॅब थंडीभर हळूहळू सोडतो. आत्ताच वरून गिलावा किंवा रसायन मारले तर ते पाणी आत अडकते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत उन्हात सुकू द्या, वरची पन्हळी-पागोळी साफ ठेवा, मग काम काढा.

आज आकाश मोकळे आहे. उद्या पहाटे पाच वाजता, मुले उठण्याआधी, आपण मुलांच्या हॉलमध्ये जमू. प्रत्येकाने टॉर्च, कोरडे फडके आणि एक खिळा आणावा. प्लास्टिकचे तुकडे मी आज रात्रीच लावून ठेवतो. कोणत्या बाजूला पाणी आहे ते सगळ्यांनी हात लावून बघा आणि मगच डांबराच्या खर्चावर मत द्या.