वजनाची शस्त्रक्रिया आणि बाळाचा विचार

वजन घटवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झाली, की पुष्कळ जणींची वर्षानुवर्षं बिघडलेली पाळी काही महिन्यांत मार्गावर येते. पीसीओएस असलेल्यांची विशेषतः. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच प्रत्येकीला कळायला हवी. वजन झपाट्यानं उतरत असताना लोह, बी-१२, फॉलिक ॲसिड कमी पडू शकतं. म्हणून निदान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. शस्त्रक्रियेत जठराचा बायपास झाला असेल तर गर्भनिरोधक गोळ्या अंगात नीट शोषल्या जातीलच असं नाही. तांबी अधिक भरवशाची. पुढे दिवस राहिलेच, तर साखरेच्या तपासणीचं ग्लुकोजचं पाणी पिण्याआधी डॉक्टरांना ही शस्त्रक्रिया आठवणीनं सांगा.